थेंब घरंगळून जातो कुठे?

गेल्या जानेवारीत मी सलग तीन आठवडे एका पॅन्टचा विचार करत होतो. कोड रिव्ह्यू करताना शेजारच्या टॅबमध्ये पॅन्ट, जेवताना फोनवर पॅन्ट. शेवटी मी चक्क स्प्रेडशीट बनवली: वजन, ताणलं जाणारं कापड, बाजूच्या चेन, खिसे, किंमत. आमच्या घरी पॅन्ट घ्यायची म्हणजे दिवाळीच्या आधी बाबा दुकानात कापड मुठीत धरून चुरगाळायचे, सोडायचे, सुरकुती पडली नाही तर "घे" म्हणायचे. संपलं. मी त्याच माणसाचा मुलगा आणि माझ्या शीटमध्ये चौदा रकाने होते.

पॅन्ट स्की टूरिंगसाठी हवी होती. मी तीन वर्षांपासून म्युनिकमध्ये नोकरी करतो. इथून सकाळच्या ट्रेनने निघालं की दोन तासांत आल्प्सच्या पायथ्याशी पोचता येतं. लिफ्टने वर जाऊन तयार केलेल्या उतारावरून घसरणं हा एक प्रकार झाला. टूरिंगमध्ये लिफ्ट नाही. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची पट्टी चिकटवायची (पूर्वी ती खरोखरच सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा नायलॉनची असते), बुटाची टाच मोकळी ठेवायची आणि पाऊल न उचलता, सरकवत सरकवत डोंगर चढायचा. पट्टीचे केस एका दिशेला झुकलेले असतात, म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. तीन तास चढायचं, माथ्यावर स्किन काढायची, टाच लॉक करायची आणि अर्ध्या तासात खाली. हा सगळा खटाटोप त्या अर्ध्या तासासाठी असतो असं लोकांना वाटतं. मला तरी चढणंच आवडतं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला चढायची खोड असते.

आणि पावसाळी ट्रेक केलेल्या कुणालाही पॅन्टचा मूळ प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. जुलैत राजमाचीला जाताना नवा कोरा रेनकोट घालून निघालेला मुलगा आठवा. पहिल्या अर्ध्या तासात तो आतून घामाने इतका भिजतो की रेनकोट न घातलेले त्याच्याकडे बघून हसतात. पाऊस आत येत नाही, कबूल. पण घामही बाहेर जात नाही. सह्याद्रीत त्याने फारसं बिघडत नाही, घरी जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली की झालं. उणे दहा अंशांत, माथ्यावर वारा सुटलेला असताना बिघडतं. ओलं कापड अंगातली ऊब कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं.

म्हणून टूरिंगवाले पायांना हार्डशेलऐवजी सॉफ्टशेल घालतात. हार्डशेलमध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये एक पातळ पापुद्रा असतो. तो पाणी अडवतो आणि वाफ थोडीफार जाऊ देतो. सॉफ्टशेलमध्ये तो पापुद्रा बहुधा नसतोच. नायलॉनचं घट्ट विणलेलं, थोडं इलॅस्टेन मिसळलेलं कापड. वारा बराचसा अडतो, घाम निघून जातो, गुडघा उचलताना कापड सोबत येतं. मुसळधार पावसात ते हरतं. त्याचं आश्वासनच मुळी कमी आहे. बाकी बघायच्या गोष्टी थोड्याच: मांडीच्या बाजूला लांब चेन हवी, म्हणजे चढताना उघडता येते, घोट्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाचा पट्टा हवा, नाहीतर स्कीची धार पहिल्याच दिवशी कापड फाडते, खालचा घेर बुटावर बसायला हवा. एवढं जमलं की बाकीचे नऊ रकाने माझ्या अस्वस्थतेचे होते.

एक रकाना मात्र वेगळा निघाला.

प्रत्येक कंपनीच्या व्हिडिओत तोच शॉट असतो. कापडावर पाण्याचा थेंब पडतो, मोत्यासारखा गोल होतो आणि घरंगळून जातो. अळवाच्या पानावर लहानपणी आपण सगळ्यांनी हे पाहिलंय. अळवाच्या पानाला ते त्याच्या मेणामुळे आणि पृष्ठभागावरच्या बारीक उंचवट्यांमुळे जमतं. कापडाला जमावं म्हणून त्यावर एक लेप देतात आणि गेली कित्येक दशकं हा लेप फ्लोरिनच्या रसायनांचा होता. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यात मजबूत बंधांपैकी एक. पाणी, तेल, चिखल, काहीच त्याला चिकटत नाही. आणि तो मोडावा कसा, हे निसर्गातल्या बहुतेक कशालाच ठाऊक नाही. या हजारो रसायनांच्या कुटुंबाला पीएफएएस म्हणतात. बोलताना नुसतं ‘पीफास’.

थेंब घरंगळतो तो याच्यामुळे. पण लेपही हळूहळू झिजतो, धुतला जातो, कारखान्यातून सांडपाण्यात जातो. २०१५ साली ग्रीनपीसने तीन खंडांतल्या आठ दुर्गम डोंगराळ भागांत माणसं पाठवली. त्यांनी तिथल्या तळ्यांतलं पाणी आणि बर्फ आणला, तपासला. बर्फाच्या सगळ्या नमुन्यांत ही रसायनं सापडली. जिथे रस्ता नाही, कारखाना नाही, तिथेही. स्कीच्या शर्यतींत तर स्कीच्या तळालाच फ्लोरिनचं मेण फासत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने ते बंद केलं, पण प्रत्यक्षात २०२३-२४ चा हंगाम उजाडावा लागला. म्हणजे ज्यांना शुद्ध बर्फाचं वेड, त्यांच्याच पायाखाली आणि पायावर हे होतं.

आता दुकानातल्या बहुतेक नव्या पॅन्टवर ‘पीफासविरहित’ असं छापलेलं असतं. फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून कपड्यांमधल्या पीफासवर बंदीच आणली. त्यामुळे माझ्यापुढे तीन पर्याय उरले. एक, नवी पीफासविरहित सॉफ्टशेल, दोनशे वीस युरो. दोन, सेलमधली मागच्या हंगामाची, जुन्या लेपाची, जवळपास अर्ध्या किमतीत आणि पाणी अडवण्यात नव्यापेक्षा सरस. तीन, टीममधल्या एका बव्हेरियन सहकाऱ्याची दहा-बारा वर्षं जुनी पॅन्ट. तो म्हणाला, तळघरात पडलीय, फुकट घेऊन जा.

इंजिनिअरच्या दृष्टीने दोन नंबर जिंकत होता. तेव्हा मी तो लेख वाचला.

म्युनिकहून ब्रेनर खिंड ओलांडून इटलीत उतरलं की आल्प्सच्या दक्षिण पायथ्याशी विचेन्झा जिल्ह्यात त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. १९६० च्या दशकात तिथल्या एका मोठ्या कापड उद्योगाच्या संशोधन केंद्रातून फ्लोरिन रसायनांचा कारखाना उभा राहिला. कापडावर पाणी ठरू नये, यासाठी. पुढे त्याचं नाव मितेनी झालं. २०१३ मध्ये लक्षात आलं, की आसपासच्या मोठ्या पट्ट्यातलं भूजल दूषित झालंय. सुमारे साडेतीन लाख माणसं त्या पाण्याच्या टापूत. मुलांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि तिथल्या आया आपल्या लेकराच्या रक्तातला पीफासचा आकडा टी-शर्टवर छापून मोर्च्यात उतरल्या. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. या कुटुंबातल्या पीएफओए नावाच्या एका रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

इथवर मी परक्याचं दुःख वाचावं तसं वाचत होतो. पुढचं वाक्य वाचताना हात थांबला. दिवाळखोरीनंतर २०१९ मध्ये कारखान्याच्या यंत्रसामग्रीचा लिलाव झाला. ती एका भारतीय कंपनीने घेतली आणि जहाजाने भारतात आणली. कुठे? लोटे परशुराम, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी.

माझ्या मामाचं घर तिथून अकरा किलोमीटरवर आहे.

स्पष्ट सांगतो, माझ्या पॅन्टवरचा लेप लोट्यात बनला असं मी म्हणत नाही. फ्लोरिनची रसायनं औषधांत लागतात, शेतीच्या फवाऱ्यांत लागतात, कितीतरी ठिकाणी लागतात. तिथे काही विपरीत घडलंय असंही म्हणत नाही. मी एवढंच पाहिलं, की जे यंत्र एका खोऱ्यातल्या लोकांना नकोसं झालं ते समुद्र ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात आलं आणि त्या दुसऱ्या खोऱ्यात मी उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्यात. दाभोळच्या खाडीतले मच्छीमार औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल पूर्वीपासून तक्रारी करत आलेत. आम्ही लहान असताना मामी बाजारातून आल्यावर पहिलं सांगायची ते मासळी कुठली आहे हे. तेव्हा वाटायचं, चवीसाठी सांगते.

मामेभावाला फोन केला. तो केमिकलचा डिप्लोमा झालाय, लोट्यातल्याच एका कारखान्यात सांडपाणी प्रक्रिया विभागात लागून आठ महिने झाले होते. (वर ज्या कंपनीचं बोललो तिथे नाही.) मी त्याला लेख पाठवला, पंधरा मिनिटं बोललो. म्हटलं, बघ रे, दुसरीकडे कुठे बघ.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, तू तिकडे पॅन्ट निवडतोयस. मी नोकरी निवडली नाही, मला ती मिळाली. फरक आहे ना?"

मी म्हटलं, मी तुझ्या काळजीने बोलतोय.

"ते कळतंय. पण तुला एवढं वाटत असेल तर तू पॅन्टच घेऊ नको. त्या बर्फात जायला तुला कोणी सांगितलंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. त्या रात्री मात्र मी नेहमीच्या उत्तराचा आसरा घेतला, जे आपण सगळेच घेतो: माझ्या एका पॅन्टने काय होणार आहे? जगात दरवर्षी इतके कपडे बनतात. माझा वाटा मोजता येणार नाही इतका लहान. मोजता न येणारं म्हणजे शून्य.

या शून्याबद्दल डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ च्या आपल्या पुस्तकात एक कल्पना मांडली होती. हजार छळ करणारे आहेत आणि हजार बळी. पूर्वी प्रत्येक जण एकेका बळीला पूर्ण वेदना द्यायचा. आता नवी सोय केली: प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि त्याने हजारही जणांची वेदना इतकी किंचित वाढते, की कुणालाच ती वाढ जाणवू नये. हजार बटणं दाबून होतात. बळींची अवस्था पूर्वीइतकीच वाईट. पण आता प्रत्येक जण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो, की माझ्या बटणाने कुणालाही काही फरक पडला नाही. पारफिटचं म्हणणं, एकेका कृतीचा परिणाम वेगळा काढून बघणं हीच चूक आहे. आपण सगळे मिळून काय करतोय, ते बघायला हवं.

मला हे पटलं, कारण ही चूक मी कामात पाहिलेली आहे. कॉम्प्युटरमध्ये ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ हा आकडा ठेवा आणि त्यात १ मिळवा. उत्तर येतं १,६७,७७,२१६. पुन्हा १ मिळवा. तेच. दहा लाख वेळा एकेक मिळवत बसा, आकडा जागचा हलत नाही, कारण त्या जागेत एवढ्या मोठ्या संख्येसोबत एवढी लहान संख्या लिहायला बिटच उरलेला नसतो. दर वेळी एक हरवतो. पण तेच दहा लाख एक आधी आपसात मिळवून घ्या आणि मग मोठ्या आकड्यात टाका. उत्तर बरोबर येतं. एक कधीच शून्य नव्हता. आपण बेरीज अशा क्रमाने केली, की तो शून्य झाला.

‘माझ्या एकट्याने काय होणार’ हे वाक्य म्हणजे हीच बेरीज. जगाचा मोठा आकडा आधी घ्यायचा, त्यात आपला एक टाकायचा आणि काही हललं नाही म्हणून हात झटकायचे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ आपण लहानपणी बचतीसाठी शिकलो. त्रिस्सिनोच्या खालचं तळंही तसंच साचलं.

या चुकीवर विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये उपाय सुचवला होता. दर बेरजेत जो बारीक भाग हरवतो, तो एका वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायचा आणि पुढच्या बेरजेत परत आणायचा. तो टाकून द्यायचा नाही. दुसरीकडे त्याचा बाऊ करून बेरीज थांबवायचीही नाही. मला वाटतं नैतिक हिशोबातही बहुतेक वेळा एवढंच शक्य असतं. मी शुद्ध होऊ शकत नाही. विमानाने इथे आलोय, ज्या फोनवर हे लिहितोय तोही काही अळवाच्या पानाचा नाही. पण हरवलेला एक कुठे गेला ते लिहून ठेवू शकतो.

मग भावाच्या प्रश्नाकडे परत आलो: लागतंच कशाला?

ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रिअल करार झाला, त्यातून ‘अत्यावश्यक वापर’ ही कल्पना रुळली. सीएफसी वायू घातक, तो बंद करायचा. पण दम्याच्या पंपात पर्याय मिळेपर्यंत चालेल. केसांच्या स्प्रेमध्ये नाही. रसायन तेच, गरज वेगळी. पीफासबद्दलही आता हाच वाद चालू आहे. आग विझवणाऱ्या माणसाच्या पोशाखाला जो न्याय लावायचा तो माझ्या रविवारच्या पॅन्टला लावता येत नाही, हे उघड आहे. पण मी जरा आणखी खोलात गेलो आणि तिथे मला माझीच गंमत वाटली.

थेंब घरंगळवण्याची ती सरस ताकद मला लागणार कधी? उणे आठ अंशांत बर्फ कोरडा असतो, भुकटीसारखा. पॅन्टवर पडला तर झटकला जातो. त्याला फ्लोरिन लागत नाही, हात पुरतो. ती ताकद लागते पाऊस पडत असताना. आणि बर्फावर पाऊस पडायला लागला की हिमस्खलनाचा धोका झपाट्याने वाढतो. त्या दिवशी हिमस्खलनाचं बुलेटिन वाचलेला माणूस घरी बसतो. म्हणजे मी सेलमधली ती पॅन्ट अशा दिवसासाठी घेत होतो ज्या दिवशी मी डोंगरावर असायलाच नको. स्वतःच्या कल्पनेतल्या एका शूर माणसासाठी मी कपडे घेत होतो आणि त्याच्या कोरडेपणाचं बिल कुणीतरी दुसरं भरणार होतं.

दोन नंबर बाद झाला. राहिले नवी स्वच्छ आणि जुनी फुकट.

नवी मी कार्टमध्ये टाकली होती. पैसे भरायच्या आधी लक्षात आलं, की मला ती पॅन्टसाठी नको होती. ती भावाला सांगण्यासाठी हवी होती. ‘बघ, पीफास नाही.’ दोनशे वीस युरोंत मला माझा हरवलेला एक शून्य करून मिळत होता, फक्त या वेळी उलट्या बाजूने. नवं नायलॉन, नवा रंग, नवी वाहतूक, आणि वर निर्मळ मन. जुन्या पॅन्टवरचं रसायन मात्र तळघरात तसंच राहणार, पुढे कधीतरी कचऱ्यात जाणार. ते बनवताना जे व्हायचं ते दहा वर्षांपूर्वी होऊन गेलेलं. धुताना थोडं अजून सुटेल, हेही खरं. इथे माझी खात्री नाही. दोन्ही बाजूंनी बोलणारे शहाणे लोक मला माहीत आहेत. मी जुनी घेतली, आणि ती फार धुवायची नाही असं ठरवलं. हा निर्णय आईला आवडणार नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी श्पित्झिंगझे तळ्यापासून रोटवांडवर गेलो. १८८४ मीटर, म्युनिकवाल्यांचा जुना आवडता डोंगर, आपल्या सिंहगडासारखा. सकाळी बर्फ करकरीत होता. अकरा वाजता ऊन चढलं, बर्फ ओला आणि जड झाला. जुन्या लेपाचं गुडघ्यावर काहीच उरलेलं नाही, हे तेव्हा कळलं. वळण घेताना दोनदा पडलो, दोन्ही मांड्या भिजल्या. वाटेतल्या झोपडीवजा हॉटेलात भट्टीजवळ बसून सूप प्यायलो, पॅन्टमधून वाफ निघत होती. गार लागलं, पण वीस मिनिटांत कापड वाळलं. सॉफ्टशेल भिजतं आणि वाळतं.

तिथेच भावाचा मेसेज आला. दोन आठवडे आम्ही बोललो नव्हतो. त्याने लिहिलं होतं, की आमच्या रोजच्या तपासण्यांच्या यादीत ते पीफास नाही, मी साहेबांना विचारलं. मग: "घरच्या विहिरीचं पाणी तपासायचं असेल तर बाटली कशी भरायची? तुला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. भट्टीजवळ बसल्या बसल्या शोधलं. नमुना घेण्याच्या सूचना सापडल्या. काचेची नको, ठरावीक प्लॅस्टिकची बाटली, झाकणाला टेफ्लॉन नको. नमुना घेणाऱ्याने हात धुतलेले हवेत. कपडे सुती, अनेकदा धुतलेले. आणि पाणी अडवणारा लेप असलेला कुठलाही कपडा अंगात नको, नाहीतर त्याच्यावरचं रसायन नमुन्यात उतरून आकडा चुकू शकतो. पाऊस असेल तर साधा पीव्हीसीचा रेनकोट चालेल.

मी सगळं मराठीत टाइप करून पाठवलं. शेवटी लिहिलं, भारीतला रेनकोट घालू नकोस, तो जुना प्लॅस्टिकचा घाल.

त्याचं उत्तर लगेच आलं. "आमच्याकडे तोच आहे."